नोंदवहीतली केसर

(रेवदंडा, १९५८. टांगेवाल्या तुळशीरामच्या घरामागचं घोड्यांचं ठाण. सकाळचे नऊ. जनावरांचे डॉक्टर, तुळशीराम आणि त्याची बायको आवडाबाई. खुंट्याला बांधलेलं शिंगरू मोरू, शेजारी त्याची आई.)

डॉक्टर: …आणि सातवं कलम स्पष्ट आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या घोडीचं कोणतंही शिंगरू टांगेवाल्यांच्या मंडळाच्या नोंदवहीत राहणार नाही. ते नर असेल, तर दुसरं वर्ष सरण्याआधी त्याला खच्ची करायचं. तुळशीराम, त्या कलमाखाली तुमची स्वतःची सही आहे.

तुळशीराम: हाय ना. मी कुटं न्हाय म्हनतो? मोरूला मी धरतो. तुम्ही तुमचं काम करा.

आवडाबाई: काम करा म्हनं. डाक्टरसाब, मोरूचं डोळं बघितलंत का? काल गवताच्या भाऱ्यावरची चिमनी उडाली, तर पार माडाच्या शेंड्यापावतर मान वर करून बघत व्हता.

डॉक्टर: तीन वेळा पाहिले. जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात आणि आज, औषधाचे थेंब घालून. मोरूचे डोळे निर्दोष आहेत. त्याबद्दल माझा वादच नाही.

आवडाबाई: मंग?

डॉक्टर: प्रश्न त्याच्या डोळ्यांचा नाही, त्याच्या आईचा आहे. स्वतःचे डोळे स्वच्छ असलेल्या घोड्यातून हा दोष पुढच्या पिढीत उतरतो की नाही, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. उतरत नाही, असं एक पुस्तक म्हणतं. पण त्या पुस्तकानं आपल्या मंडळातल्या बेचाळीस घोड्या पाहिलेल्या नाहीत. म्हणून कलम कडक ठेवलं.

आवडाबाई: म्हंजी ठावं न्हाय म्हून कापायचं.

डॉक्टर: ठाऊक नाही म्हणून सांभाळून राहायचं. त्याची किंमत या शिंगराला द्यावी लागते, हे मी नाकारत नाही.

आवडाबाई: आईचं दूध आटलं तवा शेळीचं पाजून जगवलाय त्याला. अलिबागचा घोडा म्हातारा झाला, आता मंडळाचा वळू घोडा मोरूच व्हनार, आसं परवापरवापावतर बाबाजी सेक्रेटरी सांगत व्हता. आनि काल मंडळाच्या सभेत त्यानंच सातवं कलम काढलं. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, ठरलं. बस, यवढंच. जेवलं बी न्हाईत.

तुळशीराम: काय सांगायचं आनखी? तुला राजा आठवत न्हाय?

आवडाबाई: आठवतो.

तुळशीराम: केसरचं पयलं शिंगरू. डोळ्यात ताक घातल्यागत पांढरं. मला वाटलं, थोडं तरी दिसत आसंल, वाटंची सवय झाली की चालंल. जुंपला. चौलच्या मोरीवरनं टांगा घेऊन खाली नाल्यात गेला. आत शाळेच्या सत्यवतीबाई व्हत्या. आजून त्यांचा उजवा हात डोक्यापावतर जात न्हाय. येनी घालताना शेजारची पोरगी लागते त्यांना. केसरची फुडची दोन शिंगरं बी तशीच निघाली. तवा मीच सभेत हुभा ऱ्हाऊन म्हनलो, कायतरी लिवून ठेवा, म्हंजी आसं जनावर फुडं जन्मायचं न्हाय. आता माझ्या दारात आलं, तर कलम पुसा म्हनू?

आवडाबाई: कोन पुसा म्हनतंय? बोला तरी म्हनते.

डॉक्टर: बाई, त्या सभेत दुसरा कुणी असता तर तासभर वाद घालून गेला असता. बाबाजींनी विचारलं, मोरूची आई कोण? हे म्हणाले, केसर. मी विचारलं, नोंदवहीतलीच केसर? हे म्हणाले, तीच. पाच मिनिटांत विषय संपला. इतकं सरळ उत्तर मला या जिल्ह्यात क्वचित मिळतं.

तुळशीराम: खोटं बोलून काय मिळवायचं व्हतं?

डॉक्टर: काही नाही. हा तक्ता भरू, मग सुरुवात करू. शिंगराचं नाव, मोरू. जन्म, मार्च छप्पन्न. बाप, अलिबागचा मंडळाचा घोडा. आई, केसर. रंग, लाल. आईचं वय…

आवडाबाई: नऊ.

डॉक्टर: सतरा.

आवडाबाई: नऊ, डाक्टरसाब.

डॉक्टर: एकोणपन्नास साली नोंद झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. अक्षर माझं आहे. आठ आणि नऊ, सतरा. वय कमी सांगितल्यानं दोष कमी होत नाही, आवडाबाई.

आवडाबाई: मी कशाला कमी सांगू? ती काय लग्नाची हाय? हितंच हुभी हाय, बघा तिचं दात.

डॉक्टर: पाहतो. तुळशीराम, तिचा वरचा ओठ उचला. आणखी. उजेडाकडे वळवा. धरून ठेवा.

तुळशीराम: धरलाय.

डॉक्टर: दुसरी बाजू.

तुळशीराम: काय झालं?

डॉक्टर: थांबा. मला पुन्हा पाहू द्या.

आवडाबाई: दात दुखतोय का तिचा?

डॉक्टर: नाही. हा कोपऱ्यातला वरचा दात पाहा. साधारण दहाव्या वर्षी इथं हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत उतरते. सतराव्या वर्षी अर्ध्याच्याही खाली हवी. इथं खाचच नाही. एखाद्या वर्षाची चूक मी समजू शकतो, आठ वर्षांची नाही. तुळशीराम, ही कोण आहे?

तुळशीराम: केसर.

डॉक्टर: राजाची आई?

तुळशीराम: न्हाय वो. राजाची आई बावन साली पोटशूळानं गेली. तुमची तवा बदली झाली व्हती खेडला. ही तिच्या मागनं आनली, पनवेलच्या टांगेवाल्याकडनं. चार वर्सांची व्हती.

डॉक्टर: आणि हिचंही नाव केसर.

तुळशीराम: आमच्या ठानातली घोडी केसरच. माझ्या बापाची बी केसर व्हती, लालच. गिऱ्हाईक हाक मारतं, केसरचा टांगा आना. नाव कसं बदलायचं?

डॉक्टर: नाव बदलू नका. पण सभेत मी विचारलं होतं, नोंदवहीतली केसर का? तुम्ही हो म्हणालात.

तुळशीराम: व्हय म्हनलो. केसर नोंदवहीत हाय का न्हाय? हाय. टांग्याचा नंबर काढला, मंग घोडी मरू दे न्हायतर इकू दे, नंबर तोच चालतो. कचेरीत जाऊन कोन नवा काढतंय? ही आली, ती जुन्या केसरच्या नंबरावर लागली. मला वाटलं, नोंद बी तशीच.

डॉक्टर: म्हणजे नोंद घोडीची नाही, ठाणाची.

तुळशीराम: व्हय. आनि जुन्या केसरच्या नोंदीत डोळ्याचा दोष हाय, म्हंजी तो आमच्या ठानावर लागला. मी तसंच धरलं. तुम्ही शिकलेली मान्सं, रक्तात उतरतं म्हनता. मी म्हनलं, जागंत बी उतरत आसंल.

डॉक्टर: जागेत उतरत नाही.

आवडाबाई: मी ह्यांना म्हनत व्हते. दोन्ही केसर येगळ्या, येकीचं दुसरीला कसं लागंल? तर म्हनं, तुला मंडळातलं काय कळतंय.

डॉक्टर: पाच वर्षांपासून तुम्हाला कळत होतं ते मंडळाला कळलं नाही, एवढंच. नोंदवही द्या इकडे. पान एकवीस. "केसर, लाल, मागचा डावा पाय खुरापासून घोट्यापर्यंत पांढरा." तुळशीराम, हिचा मागचा पाय.

तुळशीराम: लाल. चारी लाल.

डॉक्टर: दात हा एक पुरावा, पाय हा दुसरा. आता तिसरा, डोळे. हिला आतल्या अंधारात घ्या. हे थेंब घालतो. वीस मिनिटं थांबावं लागेल.

आवडाबाई: च्या करू?

डॉक्टर: करा. साखर कमी.

तुळशीराम: डाक्टरसाब, तवर मोरूला पानी दाखवू?

डॉक्टर: दाखवा. घाई नाही.

आवडाबाई: घ्या. तुम्ही बी घ्या वो, काल दुपारपासनं पोटात काय न्हाय तुमच्या. निवायच्या आत प्या.

डॉक्टर: झाली वीस मिनिटं. मान धरा. उजवा डोळा. भिंग स्वच्छ आहे. डावा. हाही. तळापर्यंत दिसतं. या घोडीला मोतीबिंदू नाही आणि कधी नव्हता.

तुळशीराम: म्हंजी मोरू…

डॉक्टर: मोरूला सोडा. सातवं कलम त्याला लागू नाही.

आवडाबाई: सोडते मी. मीच सोडते.

डॉक्टर: ऐकून घ्या, अजून संपलेलं नाही. हिचे आईबाप कोण, हे आपल्याला माहीत नाही. म्हणून मोरूची नोंद तात्पुरती राहील. त्याची पहिली सहा शिंगरं जन्मल्याबरोबर मी तपासणार. एकाच्याही डोळ्यात पांढरं दिसलं, तर मी परत येईन, आणि तेव्हा दात पाहणार नाही.

तुळशीराम: या. तवा बी मीच धरीन त्याला.

डॉक्टर: ते ठाऊक आहे. आणखी एक. नियमात एक वाक्य कमी पडलं, ते मी घालतो. घोडी मेली किंवा विकली की तिचं पान बंद. नवीन घोडीला नवीन पान, नाव कोणतंही असो. आणि खच्ची करण्यापूर्वी आईची प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय कुणी सुरीला हात लावायचा नाही. मीसुद्धा.

आवडाबाई: डाक्टरसाब, गेल्या साली नागावच्या भिकूचं शिंगरू खच्ची केलंत ना तुम्ही? तिथं बी आसंच झालं आसंल तर?

डॉक्टर: नाही झालं. तिथं मी आईचे डोळे पाहिले होते, दातही. सगळं नोंदीशी जुळवून मगच केलं.

आवडाबाई: मंग हितं का न्हाय बघितलंत?

डॉक्टर: भिकूनं मला तीन वेगवेगळी उत्तरं दिली होती. इथं तुळशीराम हो म्हणाले होते.