पेनाचा वर्ग की कुंचल्याचा

चीनमधल्या शाओशिंग शहरात ज्येष्ठांच्या सुलेखनवर्गात नाव घालायला मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे श्यूजुआन आणि आफेन या दोन म्हाताऱ्या मैत्रिणींचं चाललं होतं.

“आफेन, पेनाचा वर्ग घेऊ की कुंचल्याचा?”

“पेनाचा घे. आधी अक्षराची हाडं बसू देत, मांस मागाहून.”

“पण मास्तर म्हणाले, कुंचला साधला की पेन आपोआप येतं.”

“मग कुंचला घे, बाई.”

“नातू म्हणतो, कुंचल्याला वर्षं लागतात. माझं तर डोकंच चालेना.”

“अगं, पण तुला लिहायचंय तरी काय?”

“ह्यांचं नाव. थडग्याच्या दगडावर.”

“ते तर कोरलेलंच आहे!”

“रंग उडतो ना त्याचा. दर छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, मुलगा भरायचा. तो परदेशी गेला, म्हणून यंदा मी भरला. सगळा ओघळला गं. ह्यांचं नाव वाचताच येईना.”

“मग वेडे, दगडावर पेन चालणारे का?”

“नाही. पण ह्या वयात कुंचला नाहीच जमला तर?”

“शेजारी तुझंही नाव कोरलंय ना?”

“हो. मी आहे तोवर लाल रंगात.”

“आणि नंतर?”

“नंतर सोनेरी करतात.”

“कोण करणार?”

तेवढ्यात आमची रांग सरकली आणि खिडकीतल्या मुलीने विचारलं, “काकू, पेन की कुंचला?”

“कुंचला,” आफेन म्हणाली. “दोघींना.”