पन्नीखालची शेवंती

शामकला : हे पहा, बाई. हे टाच, हे बोटं. काल सांजेले मी कुंपणाच्या खिंडारापाशी कोंडा चाळून टाकला होता. आता म्हणा, मांजर आली म्हणून.

सुमित्राबाई : मांजर कधी म्हटलं मी?

शामकला : परवा म्हटलं. शेवंतीवरची प्लास्टिकची पन्नी काढून, घडी करून, वर गोटा ठेवून जाणारी मांजर. अशी मांजर मले पण पाहिजे, घरातले कपडे तरी आवरून ठेवील.

सुमित्राबाई : हळू बोल, शामकला.

शामकला : कायले हळू? आज तिसरा दिवस. सांजेले आपण दोघी जावा थंडीसाठी शेवंतीवर पन्न्या टाकतो, अन् सकाळी टोकाचं एक झाड सोडून सगळ्या पन्न्या कुंपणापाशी. झाडं ओलीचिंब. बुडाशी राख. कोणाच्या वाडीत कोणी भलं कराले राख टाकते का?

सुमित्राबाई : फुलं तर शाबूत आहेत.

शामकला : आज आहेत. महाशिवरात्रीले अजून महिना हाय. रोज एक पांढरं फूल महादेवाले, तेही तुम्ही लावलेल्या झाडाचं, विकतचं नाही. एक दिवस हुकला तर? टीनाच्या पोटातलं हे तिसरं हाय, बाई. पयले दोन...

सुमित्राबाई : ते नको बोलू. माझी लेक आहे ते. मले दिवस मोजून सांगायची गरज नाही.

शामकला : मंग हा डावा पाय पहा. करंगळी उठलीच नाही कोंड्यात. मोहल्ल्यात कोणाची करंगळी तुटली हाय?

सुमित्राबाई : कलाबाईची.

शामकला : तुम्ही म्हटलं. मी नाव नाही घेतलं.

सुमित्राबाई : मी तिले पाहिलंही आहे.

शामकला : कधी?

सुमित्राबाई : परवा, मंगळवारी पहाटे. मी आंघोळ करून तुळशीपाशी उभी होती. कुंपणापलीकडून तिनं मले काही म्हटलं. माझा जप सुरू होता, मी तोंड फिरवलं. मंग ते खिंडारातून आत आली. हातात बकेट, काखेत टोपली.

शामकला : अन् तुम्ही उभ्याच राहिल्या?

सुमित्राबाई : पूजा होईपर्यंत माझं मौन राहते. तुले माहीत आहे.

शामकला : चोर आला तरी मौन?

सुमित्राबाई : चोरासाठी वेगळा नेम नाही केला मी.

शामकला : पूजा झाल्यावर तर सांगायचं.

सुमित्राबाई : नाव तोंडातून गेलं की वापस येत नाही. खोटं निघालं तर तो दोष कोणाच्या पोटी जाईल? म्हणून चूप होती.

शामकला : मी नाही चूप राहत. ओ कलाबाई, जरा इकडं ये. कुंपणापाशी.

कलाबाई : आली. बोंबलू नको, कान शाबूत आहेत माझे.

शामकला : हा पाय कोणाचा?

कलाबाई : माझा. कोंडा कायले वाया घातला? विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सुमित्राबाई : राख कशाची टाकली, कलाबाई?

कलाबाई : चुलीची. अजून कशाची राहते?

शामकला : मंतरलेली?

कलाबाई : चाळलेली. आमच्या घरचे मंतर छप्पन सालीच गेले, दीक्षेसंग.

सुमित्राबाई : मंग तूच सांग. मी ऐकून राहिली.

कलाबाई : सडक अर्जुनीच्या रोपवाटिकेत चौदा वर्षं मजुरी केली मी. थंडीत रोप कशानं मरते ते रोज पाहिलं. तुमची पन्नी पानाले चिपकते. आतमंधी दहिवर जमते, गोठते, अन् जेथं पन्नी लागली तेथं पान जळते. ऊन पडायच्या आधी ते गोठलेलं दहिवर धुवा लागते. विहिरीचं ताजं पाणी पहाटे कोमट राहते, तेच टाकते मी. राख बुडाशी, ऊब धराले.

शामकला : मोठी दया आली.

कलाबाई : पटत नाही तर टोकाचं झाड पहा. तेथवर माझ्या बकेटीचं पाणी पुरत नाही, म्हणून त्याची पन्नी मी काढली नाही.

सुमित्राबाई : उचल व, शामकला.

शामकला : उचलते.

सुमित्राबाई : काय दिसते?

शामकला : काळं पडलं. कळ्यासुद्धा.

सुमित्राबाई : अन् इकडचे?

शामकला : इकडचे बरे हायेत. पण भलंच करायचं होतं तर चोरून कायले? दिवसा येऊन सांगायचं.

कलाबाई : आली होती ना. सोमवारी दुपारी. फाटकात कोण आडवी उभी होती? आज बाईचा उपास हाय, वाडीत पाय ठेवू नको, असं कोण म्हणे?

(शामकला टोकाच्या झाडाची पन्नी झटकत राहते.)

सुमित्राबाई : मले सांगितलं नाही तू.

शामकला : व्रताची फुलं आहेत, बाई. कोणाचाही हात लागू नये म्हणून म्हटलं.

सुमित्राबाई : कोणाचाही, का हिचा?

शामकला : आता तुम्ही मलेच धरून राहिल्या.

कलाबाई : अन् मंगळवारी मी आवाज दिला, सुमित्राबाई, पन्नी काढा म्हणून. तुम्ही पाहिलं अन् तोंड फिरवलं. मले वाटलं, जावेचं बोलणं तुमच्याच तोंडचं हाय.

सुमित्राबाई : मौन होतं माझं.

कलाबाई : मले काय माहीत? आमच्यात तोंड फिरवलं म्हणजे तोंड फिरवलं.

सुमित्राबाई : तरी आत आली तू.

कलाबाई : राग तुमच्यावर होता. शेवंतीवर नव्हता.

शामकला : पण बाई, तीन दिवस हिच्या हातचं पाणी त्या झाडांवर. अन् तुम्ही तेच फूल महादेवाले...

सुमित्राबाई : वाहिलं. आजचंही वाहिलं.

शामकला : मंग व्रत?

सुमित्राबाई : झाड मी लावलं, जगवून ही राहिली. एवढं महादेवाले समजते. माझं चुकलं ते दुसरंच. मौन तोंडाचं होतं नुसतं. मनात मी हिले तीन दिवस काय काय बोलली, ते मलेच माहीत.

कलाबाई : काय बोलल्या?

सुमित्राबाई : विचारू नको.

कलाबाई : नाही विचारत. मी पण काही गप नव्हती.

सुमित्राबाई : आज सांजेले काय करायचं?

कलाबाई : पन्नी फेका. बांबूच्या काड्या रोवा, वर धानाच्या वाळल्या तणशीचं छप्पर करा, पानाले लागणार नाही असं. सांजेले बुडाशी पाणी द्या. पहाटे दहिवर धुवा.

शामकला : तणीस मी आणते.

कलाबाई : अन् कोंडा?

शामकला : आता पुरे कर व.

कलाबाई : पहाटे मी येऊ का नको, तेवढं आताच सांगा, सुमित्राबाई. उद्या पुन्हा तोंड फिरवाल.

सुमित्राबाई : फिरवणार नाही. पण बोलणारही नाही.

कलाबाई : मंग मले कसं समजेल?

सुमित्राबाई : फाटकाची कडी काढून ठेवीन. खिंडारातून येऊ नको, तेथं काटे आहेत.