कोपरापर्यंत हात

तिसगावच्या स्टँडवर नगरची गाडी काही येईना, म्हणून सॅम्युएल सरांनी वाचलेलाच पेपर पुन्हा उघडला. शेजारी एक बाई आणि पुण्यात ग्रहांच्या वातावरणावर संशोधन करणारी तिची लेक येऊन बसल्या. सरांचे डोळे पेपरात राहिले, कान मात्र तिकडे गेले.

"आता कुठला ग्रह धरलाय, पंके?"

"गुरू. सूर्याकडून उष्णता किती येते आणि त्याच्याकडून बाहेर किती जाते, त्याचा मेळ घालायचा."

"बसला का मेळ?"

"कुठला! घेतो त्याच्या जवळजवळ दुप्पट बाहेर टाकतो. जन्मताना साठलेली धग अजून आत आहे, आई."

"म्हंजे कांद्याच्या ढिगावानी. वरून गार लागतो. कोपरापत्तूर हात घातल्याबिगर कळत न्हाई."

"अगदी तसंच."

"एवढं समदं ठावं हाय, मग कांद्याच्या चाळीला चारी बाजूंनी ताडपत्री कशापायी बांधलीस?"

"तू मावशीकडं गेली होतीस. पाऊस आत येईल म्हणून बांधली."

"कांद्याला वारा लागतो. आतली वाफ जायाची कुठून?"

"गुरूचं सगळं सुचतं गं. आपल्या चाळीचं नाही सुचलं."

"निम्मी चाळ सडली."

"रागावलीस?"

"न्हाई."

"खरंच?"

"न्हाई म्हनलं ना."

सरांनी न वाचताच पान उलटलं.

"वरून तर गारच लागतेस. हात घालून बघू?"

"आत्ताच नको घालू. भाजंल."