हलवा आणि गळकी डिकी

...आणि म्हणे पुढच्या सीटवर ठेवा! जो तो हेच! अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या रश्तमध्ये, इराणच्या या पावसाळी शहरात, आठवड्यातले पाच दिवस पाऊस, माझ्या गाडीच्या मागच्या दरवाजाचं रबर वाळून कडक झालेलं, डिकीत तळं, आणि त्या तळ्यात हलव्याचं ताट! दर गुरुवारी बायकोच्या, माहरुखच्या कबरीवर जातो, तिच्या नावानं येणाऱ्या-जाणाऱ्याला हलवा वाटतो. सात महिने झाले तिला जाऊन... सात महिने लोक लगदा खाताहेत! मी आपला म्हणतो, "माफ करा हं, डिकी गळते." शेजारच्या तूबाखानम म्हणाल्या, "अहो मास्तर, पुढची सीट रिकामीच असते की!" रिकामी? बाई, एकतीस वर्षं ती बसलीय तिथं! नाही ठेवणार पुढच्या सीटवर!

शेवटी गेलो जहाँबख्श मिस्त्रीकडे. तोही तेच, "मास्तर, पुढच्या सीटवर—" म्हटलं, नाही म्हणजे नाही! मग त्यानं रबरावर खडू फासला, दरवाजा आपटला, उघडला. "हे बघा, इथं खडू उमटलाच नाही, इथनं गळतंय. पण खात्रीला आत माणूस हवा." आत कोण? मी! अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे कानाला लावून, बॅटरी धरून डिकीत! बाहेरून हा नळीनं पाणी मारतोय नि ओरडतोय, "आलं का पाणी?" आणि मला तिथनं तिची सीट दिसत होती हो... डोकं टेकायच्या उशीला तिच्या शालीचे दोन धागे अडकलेले... "मास्तर! आलं का?" म्हटलं, "आलं रे बाबा, आलं!" "कुठनं?" आता काय सांगू, कुठनं!

बसवलं नवं रबर. गुरुवारी हा धो धो पाऊस, आणि डिकी खडखडीत कोरडी! ऐटीत ताट घेऊन कबरीपाशी गेलो. पहिला घास तूबाखानमनी घेतला, चावता चावता थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "मास्तर... पीठ भाजलंच नाहीये तुम्ही. पाकही पातळ. तिनं शिकवलं नाही?"

नाही शिकवलं हो! कशाला शिकवेल? ती होती ना!

म्हणजे सात महिने निम्मं पाणी माझ्याच हातचं! आणि मी गाडीला शिव्या घालत होतो... तुम्हाला सांगतो, ते रबर बदलायलाच नको होतं. गाडी गळत होती तोवर निदान माझा हलवा चांगला होता!