नेजादचं कुलूप

धरणाकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण बाई आणि एक म्हातारी बसल्या होत्या.

“फिक्रेताकाकू, हे बघा, नेजादचं कुलूप! डब्यातले बुरेक तेवढे आठवणीनं घेऊन गेला आणि हे टेबलावरच!”

“आज तो टर्बाइनच्या आत उतरणार होता ना गं?”

“हो ना. उतरणाऱ्यानं पाण्याच्या झडपेला आपापलं कुलूप लावायचं. सगळी कुलपं निघाली की पाणी सोडतात.”

“मला सांगतेस? वीजकेंद्र नवीन होतं तेव्हा माझा भाऊ आत असतानाच पाणी सोडलं. त्यानंतर ही कुलपं आली.”

“काकू, आत्ता कशाला ते!”

“अगं, कुलपाशिवाय नाही उतरायचा तो.”

“तुम्ही ओळखत नाही माझ्या नवऱ्याला. म्हणेल, पटकन जाऊन येतो.”

“फोन कर की.”

“कुणी उचलतच नाही.”

“ड्रायव्हरदादा, जरा दामटा ना गाडी!”

“दामटतोय, आजी. पण कुणी उतरायची घंटी वाजवली की थांबावंच लागतं.”

पुढचा थांबा कबरस्तानाचा होता. दर शुक्रवारी मी माझ्या हसीबासाठी फुलं घेऊन तिथे उतरतो.

मी घंटी वाजवली नाही.