सहा नंबरची फाइल

परवा वडगावात आमच्या घरात काय झालं, ऐका तर. साड्यांची डिझाइनं मी ज्या कॉम्प्युटरवर काढते, त्यो लई अडकाय लागलता, म्हणून दुरुस्तीवाला आलता. म्हणाला, "आक्का, सगळं पुसून फॉरमॅट मारतो. ह्या जुन्या सेटपच्या फाइली कशाला ठिवताय? नेटवरनं नव्या घिऊया."

"हात लावू नको रं," मी म्हटलं. "आमच्या अण्णानं डाउनलोड करून ठिवल्यात."

अण्णा म्हंजे माझा थोरला भाऊ. नोकरीला बेंगळूरला जायच्या आदल्या दिवशी त्यानं फाइलींना नंबर घालून दिलते: एक, आधी हे टाक. दोन, मग प्रिंटर. तीन, मराठी टायपिंग. अशा सहा फाइली. तिकडं गेला, लग्न झालं, संसारात गुंतला. आता दिवाळीला फोन आला तर आला.

मी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आन् फॉरमॅट झाल्यावर नंबरानं टाकत गेले. पहिल्या पाचही एका दमात बसल्या. सहावी इतक्या वर्सात कधी उघडलीच नव्हती. ह्या खेपेला उघडली, तर आत नुसतं लिवलंतं, "एवढं करून बी अडलं तर मला फोन कर."

मी लगेच फोन लावला. "अण्णा, कॉम्प्युटर फॉरमॅट केलाय. तुझ्या फाइली टाकाय लागले, आन् अडलंय."

"कितव्या नंबरला?"

"सहाव्या."

त्यो म्हणाला, "अगं, सहाव्यात टाकायचं कायच न्हाय की. तिथं नुसतं फोन कर म्हणून लिवलंय."

"व्हय," मी म्हटलं, "त्येच केलंय."