कापून टाकलेले अडतीस सेकंद

हॅलो?… हो, बोल ताई. नाही गं, तास आत्ताच संपला. प्रयोगशाळेतच आहे, पोरं जेवायला गेलीत… हो, एकटीच.

पोरं कशी शिकतायत म्हणजे? पालथ्या घड्यावर पाणी. तू सांगितलेलं सगळं शिकवलं मी. माणसाला बोलतं कसं करायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, तो गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं. तुमच्या नर्सिंगच्या मुली हे पहिल्या वर्षाला शिकतात, माझ्या इंजिनिअरांना चौथ्या वर्षाला जड जातंय… काय केलं? अगं, पेशंटच्या उशाशी बेल असते ना, ती त्यांना नव्याने बनवायचीय. त्यासाठी पोरं तुमच्या वॉर्डातल्या दहा नर्सेसच्या मुलाखती घेऊन आली. आणि आल्या आल्या काय काढलं, तर कोण किती शब्द बोललं त्याची सरासरी. मी कपाळाला हात लावला…

हो, हो… अगं ऐक ना. पुढे त्याहून कहर. आमची एक आहे, सगळं मोजूनमापून करते म्हणून सगळे तिला मिलीमीटर म्हणतात. तिने सगळ्या रेकॉर्डिंगमधल्या शांत जागा कापून टाकल्या. म्हणते, मॅडम, तिथे काही माहितीच नव्हती… मग काय, मूळ रेकॉर्डिंग मागवलं. काल बसून एकेक मुलाखत ऐकली.

…हो, सगळ्या.

…चौथीसुद्धा.

ताई, त्यावर नाव नाही. 'नर्स क्रमांक चार' एवढंच. पोरांना काय माहीत तू माझी कोण ते. पण मला तुझा आवाज कळणार नाही का?

नाही, कुणाला ऐकवली नाही… हो, काढून टाकते. बोलणाऱ्याने नको म्हटलं की नको, हेही तूच शिकवलंस. शब्द देते. पण आधी… नाही, ठेवू नकोस. ऐक.

तू म्हणालीस, 'एका बाईंनी दुपारी तीनदा बेल वाजवली, मी दुसऱ्या बेडपाशी होते.' आणि गप्प झालीस. अडतीस सेकंद, मोजले मी. मागून ट्रॉली जाते, कुणीतरी खोकतं, आणि तुझा श्वास. मग म्हणालीस, 'त्या माझ्या घरच्याच होत्या.'

…

आई ना?

…

हं… बोल. ऐकतेय.

त्या दुसऱ्या बेडवर कोण होतं?… सहा वर्षांची मुलगी. फिट आली होती… मग तिला सोडून कशी जाणार होतीस?… नाही गं, समजूत नाही काढत… हो. तिन्ही वेळा बेल ऐकलीस. वाटलं, आईच आहे, थांबेल जरा.

आई गेली त्याला अकरा वर्षं झाली, ताई. अकरा वर्षं मला एका शब्दाने बोलली नाहीस, आणि मुलाखत घ्यायला आलेल्या मिलीमीटरला सांगितलंस? एकवीस वर्षांच्या पोरीला?… हो. असेल. परक्याला सांगणं सोपं जातं.

आता माझं ऐक. नाही, मला बोलू दे. त्या दुपारी तिने मलाही फोन केला होता.

…वर्गात होते. नोकरीचा पहिला महिना. पर्समध्ये फोन वाजला, मागच्या बाकावरची पोरं हसली. मी लाजेने न बघताच कापला… बघितलं ना, तास संपल्यावर. आईचा होता. दोन वाजून पाच मिनिटांचा. धावत तुमच्या वॉर्डात आले तोवर सगळं संपलं होतं.

…तिने बेल पहिल्यांदा कधी वाजवली?… सव्वादोनला?

म्हणजे आधी मला केला.

…काय?… बेल दाबायला संकोचायची?… 'सारखी वाजवली तर तुझ्या मैत्रिणी काय म्हणतील.' हो, अशीच बोलायची ती. आणि ड्युटीवर तुझा मोबाइल बंद असायचा, म्हणून मला केला. मी तुला सांगावं म्हणून. आणि त्या मुलीला फिट कितीला आली?… सव्वादोनच्या जरा आधी. मग दोन-पाचला तू कुठे होतीस?… चहा घेत होतीस.

मोकळी होतीस.

मी उचलला असता तर लगेच वॉर्डच्या फोनवर तुला लावला असता. तू धावत गेली असतीस, ताई.

…नाही, कुणालाच नाही. नवऱ्यालाही नाही. तुला कसं सांगणार? तुझ्याच तोंडाकडे बघून तर मी भ्यायचे… ताई, काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर…

ताई?

हॅलो?

कापलास?